चेंडूला नवी वाट देणारा पॉली फार्मर

ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकायला बंदी आहे. सोबत्याकडे हातानेच द्यायचा असेल, तर चेंडू एका तळहातावर धरायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून त्याला ठोसा मारायचा. याला तिथे हँडबॉल म्हणतात. हा प्रकार खेळात पूर्वीपासून होता, पण तो अडचणीच्या वेळी वापरायचा अशी समजूत होती. प्रतिस्पर्ध्यांनी घेरले, किक मारायला जागा उरली नाही, की चेंडू कसाबसा शेजारच्या खेळाडूकडे ढकलायचा आणि सुटका करून घ्यायची. पर्थ शहरातल्या एका बालकाश्रमात वाढलेल्या मुलाने ही समजूत मोडीत काढली. सुटकेसाठी वापरला जाणारा हँडबॉल त्याने हल्ल्याचे हत्यार बनवला.

त्याचे नाव ग्रॅहम व्हिव्हियन फार्मर. लहानपणी तो पोपटासारखा अखंड बडबडायचा, म्हणून त्याला ‘पॉली’ म्हणू लागले आणि पुढे सारा देश त्याला याच नावाने ओळखू लागला. १९५३ ते १९७१ या काळात तो तीन क्लबांकडून ३५६ सामने खेळला आणि सहा विजेतेपदांत सहभागी झाला. मोठ्या आकड्यांचे खेळाडू प्रत्येक खेळात असतात. आपण उतरलो तेव्हाचा खेळ आणि आपण निवृत्त झालो तेव्हाचा खेळ यांत फरक पाडणारे मात्र थोडेच. फार्मर त्या थोड्यांपैकी होता. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली आणि तिने या खेळाला पुन्हा एकदा स्वतःकडे पाहायला लावले. त्यामुळे त्याची कारकीर्द दोन ठिकाणी समजून घ्यावी लागते. एक मैदानावर, दुसरे प्रयोगशाळेत.

क्रिकेटच्या मैदानावरचा फुटबॉल

बॉक्सिंग डे कसोटीमुळे मेलबर्नचे एमसीजी मैदान मराठी वाचकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. क्रिकेटचा हंगाम संपला की त्याच मैदानावर हा फुटबॉल सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो. या दोन खेळांचे नाते सुरुवातीपासूनचे आहे. १८५८ साली टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा आणि त्याचे नियम ठरवावेत, अशी सूचना त्यात होती. पुढच्याच वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. इंग्लंडमधल्या फुटबॉल असोसिएशनच्या स्थापनेआधीची ही गोष्ट आहे.

क्रिकेटच्या मैदानावर जन्मलेला हा खेळ आजही लंबवर्तुळाकार मैदानातच खेळतात. मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर असते, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉल मैदानापेक्षा बरीच जास्त. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि सामना चार सत्रांचा असतो. चेंडूही लंबगोल असतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. चेंडू पायाने मारून मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण. कोणत्याही खेळाडूने किक मारलेला चेंडू पुरेसे अंतर कापून आला आणि खाली पडण्याआधी झेलला, तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्याला विनाअडथळा किक मारण्याची संधी मिळते. एकमेकांच्या खांद्यावरून उसळी घेऊन असे झेल घेणारे खेळाडू हे या खेळाचे सर्वांत देखणे दृश्य.

इथे ऑफसाइडचा नियम नाही. कोणीही मैदानात कुठेही धावू शकतो, त्यामुळे समोरून, मागून, बाजूने, कुठूनही टक्कर होऊ शकते. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला पकडून खाली पाडणे नियमात बसते. खेळाडू सहसा हेल्मेट घालत नाहीत, अंगावर जाड कवचही नसते. या लेखाच्या उत्तरार्धासाठी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

फार्मरच्या काळी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलानंतर पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू जमिनीवर जोरात आपटत असे. चेंडू उंच उडायचा आणि दोन्ही संघांचा एकेक उंच खेळाडू त्यासाठी झेप घ्यायचा. या खेळाडूला रकमन म्हणतात. त्याने चेंडूला हाताने टोला देऊन खाली घुटमळणाऱ्या आपल्या चपळ सोबत्याकडे, म्हणजे रोव्हरकडे, वळवायचे. एवढेच त्याचे काम, असे फार्मरच्या आधी मानले जाई. रकमन म्हणजे उंच, धिप्पाड, धक्के देणारा आणि धक्के सोसणारा गडी. खेळाची आखणी त्याने करावी अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती.

सिस्टर केटच्या आश्रमातला मुलगा

फार्मरचा जन्म १० मार्च १९३५ रोजी नॉर्थ फ्रीमँटल इथे झाला. त्याची आई नूंगार होती. पर्थ आणि त्याच्याभोवतीचा ऑस्ट्रेलियाचा सारा नैऋत्य कोपरा ही नूंगार या मूलनिवासी लोकांची भूमी. त्या काळी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ चा मूलनिवासींविषयीचा कायदा लागू होता. त्यानुसार मूलनिवासी मुलांचा कायदेशीर पालक आईबाप नसून ‘मुख्य संरक्षक’ नावाचा सरकारी अधिकारी असे. १९१५ ते १९४० एवढा दीर्घ काळ हे पद, शेवटची काही वर्षे बदललेल्या नावाने, ए. ओ. नेव्हिल यांच्याकडे होते. गोऱ्या आणि मूलनिवासी अशा मिश्र वंशाच्या, विशेषतः उजळ वर्णाच्या मुलांना त्यांच्या लोकांपासून तोडावे आणि काही पिढ्यांत गोऱ्या समाजात विरघळवून टाकावे, असे त्यांचे उघड धोरण होते.

सिस्टर केट क्लटरबक या अँग्लिकन जोगिणीने १९३३ मध्ये उजळ वर्णाच्या अशा मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला. पुढे पर्थच्या क्वीन्स पार्क भागात तो स्थिरावला. फार्मर अगदी लहान असताना तिथे आला आणि तिथेच वाढला. देशभर अशा असंख्य मुलांची त्यांच्या कुटुंबांपासून ताटातूट झाली. त्यांना ऑस्ट्रेलियात ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने त्यांच्या कहाण्या देशापुढे मांडल्या आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली.

फार्मर स्वतः सिस्टर केटविषयी आयुष्यभर कृतज्ञतेने बोलत राहिला. आपल्याला घर, शाळा आणि खेळायला मैदान मिळाले, याची त्याला जाणीव होती. त्याला मिळालेली माया खरी होती आणि ज्या धोरणामुळे असे आश्रम भरले ते धोरण क्रूर होते, हेही तितकेच खरे. त्याची कहाणी सांगताना यातले एकही लपवून चालणार नाही.

बालपणीच्या पोलिओमुळे त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला होता. उड्या मारण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या खेळाडूची सुरुवात अशी झाली.

ईस्ट पर्थची नऊ वर्षे

त्या काळी ऑस्ट्रेलियन फुटबॉलची एकच राष्ट्रीय स्पर्धा नव्हती. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा राज्यांच्या वेगवेगळ्या लीग होत्या. व्हिक्टोरियाची लीग, म्हणजे व्हीएफएल, सर्वांत श्रीमंत आणि प्रतिष्ठित. आजची एएफएल हे तिचेच विस्तारलेले रूप. फार्मर १९५३ मध्ये पर्थमधल्या ईस्ट पर्थ क्लबकडून खेळू लागला. सिस्टर केटच्या आश्रमातलाच टेड किलमरी तिथे त्याच्या जोडीला होता. दोघांचीही हाताने चेंडू पोहोचवण्याची हातोटी वेगळी होती.

१९५६ मध्ये जॅक शीडी कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून आला आणि क्लबचे दिवस पालटले. १९५६, १९५८ आणि १९५९ अशी तीन विजेतेपदे ईस्ट पर्थने जिंकली. फार्मर सात वेळा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या सर्वोत्कृष्ट आणि सभ्य खेळासाठीचे सँडोव्हर पदक त्याने १९५६ आणि १९६० मध्ये मिळवले. १९५७ मध्ये त्याची आणि जॅक क्लार्कची मते सारखी झाली होती. तेव्हाच्या नियमानुसार क्लार्कला पदक मिळाले. बऱ्याच वर्षांनी नियम बदलला आणि फार्मरलाही त्या वर्षीचे पदक देण्यात आले. १९५८ मध्ये हे पदक किलमरीने पटकावले होते. एका आश्रमातल्या दोन मुलांनी राज्याच्या सर्वोच्च सन्मानावर अशी नावे कोरली.

राज्यांच्या संघांमध्येही त्याचा दबदबा होता. १९५६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला सर्वोत्तम खेळाडूचे टासी पदक मिळाले. १९६१ मध्ये ब्रिस्बेनला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत पश्चिम ऑस्ट्रेलियाने बलाढ्य व्हिक्टोरियाला हरवून विजेतेपद मिळवले, त्या संघातही तो होता.

मुठीतली किमया

फार्मरने नेमके काय बदलले, हे समजण्यासाठी त्याच्या उडीकडे आधी पाहायला हवे. त्याची उंची सुमारे १९१ सेंटिमीटर होती. त्याच्याहून उंच रकमन पुष्कळ होते. पण तो इतरांपेक्षा क्षणभर आधी झेप घ्यायचा. प्रतिस्पर्धी उसळी मारायच्या तयारीत असताना फार्मर हवेत त्याच्या पुढची जागा पटकावून बसलेला असे. मागे राहिलेल्याला मग वर चढायला वावच उरत नसे. उंचीची उणीव त्याने वेळेच्या अंदाजाने भरून काढली.

पुढचा बदल त्याहून महत्त्वाचा होता. हवेत चेंडूला टोला दिला की तो नेमका कुठे पडेल याची खात्री नसते. खाली दोन्ही संघांचे खेळाडू टपलेले असतात. फार्मर शक्य तिथे टोला देण्याऐवजी चेंडू दोन्ही हातांनी पकडायचा. जमिनीवर पाय टेकण्याच्या सुमारास त्याची नजर मोकळ्या सोबत्यावर गेलेली असे आणि मुठीचा ठोसा बसून चेंडू सुटलेला असे. तोही शेजारच्या खेळाडूकडे नव्हे, तर दूरवरून वेगाने धावत येणाऱ्याच्या पुढ्यात. धावणाऱ्याला थांबावे लागत नसे, वळावे लागत नसे. तो चेंडू घेऊन त्याच वेगात पुढे निघून जाई.

या कृतीमागचा विचार साधा आहे. गर्दीतून मारलेली घाईची किक लांब जाते, पण ती कोणाच्या हाती पडेल हे नशिबावर असते. अचूक हँडबॉल तितका लांब जात नाही, पण चेंडू आपल्याच संघाकडे राहतो, आणि ज्याच्याकडे जातो त्याच्यासमोर मोकळे मैदान असते. म्हणजे चेंडूने कापलेल्या अंतरापेक्षा त्या क्षणी मिळालेली मोकळीक अधिक मोलाची. एका उंच, दणकट खेळाडूच्या जागेवर खेळणाऱ्याने हे ओळखले आणि रकमनची जागा ही हल्ला सुरू होण्याची जागा बनली.

ही अचूकता सहज आली नव्हती. मोटारींच्या व्यवसायात काम करत असताना तो उभ्या गाड्यांच्या उघड्या खिडक्यांतून चेंडू आरपार घालवण्याचा सराव करायचा. काच खाली केलेली खिडकी ही लंबगोल चेंडूसाठी फार मोठी जागा नाही. सामन्यातल्या गर्दीत तेवढीच फट सापडते, हे त्याने ओळखले होते. अशा सरावामुळेच तो सामन्यात डोक्याने खेळू शकला, कारण हाताला काय करायचे ते आधीच ठाऊक होते.

जिलाँगमध्ये

१९६२ मध्ये फार्मर व्हिक्टोरियातल्या जिलाँग क्लबकडे गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. कार्लटनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्या हंगामातला बराच काळ त्याला बाहेर बसावे लागले. पर्थमधली कीर्ती इथल्या कठीण लीगमध्ये टिकेल का, अशी शंका घ्यायला ही संधी पुरेशी होती.

पुढच्या वर्षी उत्तर मिळाले. बॉब डेव्हिसच्या मार्गदर्शनाखाली जिलाँगने १९६३ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नला ४९ गुणांनी हरवले. हवेत फार्मर आणि खाली रोव्हर बिल गॉगिन ही जोडी त्या संघाचा कणा होती. गॉगिन नेमका कुठे पोहोचेल हे फार्मरला कळायचे आणि चेंडू कुठे येईल हे गॉगिनला. १९६३ आणि १९६४ अशी लागोपाठ दोन वर्षे फार्मर जिलाँगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६५ पासून तो कर्णधार होता. जिलाँगसाठी तो एकूण १०१ सामने खेळला.

त्याच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये जिलाँग पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि अटीतटीच्या लढतीत रिचमंडकडून अवघ्या ९ गुणांनी हरला. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात त्या वर्षाला वेगळेच महत्त्व आहे. २७ मे १९६७ रोजी झालेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी राज्यघटनेतल्या बदलाला होकार दिला. त्यामुळे मूलनिवासींची गणना देशाच्या जनगणनेत होऊ लागली आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला मिळाला. ज्यांना देशाच्या जनगणनेत धरत नव्हते, त्या समाजातला माणूस त्याच वर्षी देशातल्या सर्वांत मोठ्या लीगच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाचे नेतृत्व करत होता.

परतीचा प्रवास

१९६८ मध्ये फार्मर पर्थला परतला, पण जुन्या क्लबकडे न जाता ईस्ट पर्थच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, वेस्ट पर्थकडे, कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून गेला. १९६९ आणि १९७१ मध्ये त्याने वेस्ट पर्थला विजेतेपद मिळवून दिले. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ईस्ट पर्थच होता. १९७१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो विजेता म्हणूनच निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

१९७३ ते १९७५ ही तीन वर्षे तो जिलाँगचा प्रशिक्षक होता. व्हीएफएलच्या मुख्य संघाला प्रशिक्षण देणारा तो पहिला मूलनिवासी. प्रशिक्षक म्हणून तिथे त्याला फारसे यश आले नाही. त्याच्या प्रशिक्षकपणातला सर्वांत झळाळता दिवस पुढे पर्थमध्ये उगवला.

राज्यांच्या सामन्यांत खेळाडू ज्या राज्यात व्यावसायिक म्हणून खेळत असेल, त्याच राज्याकडून उतरत असे. पैसा व्हिक्टोरियात असल्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाचे गुणी खेळाडू तिकडे जात आणि मग आपल्याच जन्मराज्याविरुद्ध खेळत. फार्मर स्वतःही काही सामन्यांत व्हिक्टोरियाची जर्सी घालून खेळला होता. ८ ऑक्टोबर १९७७ रोजी पर्थच्या सुबियाको मैदानावर नवा प्रयोग झाला. खेळाडूने, तो जिथे घडला त्या राज्याकडून खेळायचे, या तत्त्वावरचा तो पहिला सामना. ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ या नावाने ही पद्धत पुढे गाजली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ गुणांनी धूळ चारली. विजयी संघाचा प्रशिक्षक फार्मर होता.

खेळाने घेतलेला धडा

फार्मर पर्थला परतल्यानंतर दोन वर्षांनी, १९७० च्या व्हीएफएल अंतिम सामन्यात, एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक जमले होते. हा विक्रम आजही अबाधित आहे. मध्यंतराला कार्लटनचा संघ कॉलिंगवूडपेक्षा ४४ गुणांनी मागे होता. प्रशिक्षक रॉन बरासीने खेळाडूंना हँडबॉलचा सपाटा लावायला आणि न थांबता खेळायला सांगितले. कार्लटनने तो सामना १० गुणांनी जिंकला. आधुनिक, वेगवान फुटबॉलचा आरंभबिंदू म्हणून या सामन्याचे नाव घेतले जाते. पण हातातला चेंडू हल्ल्यासाठी वापरता येतो, हे त्या आधीची सतरा वर्षे एक खेळाडू दर आठवड्याला दाखवत आला होता. बरासीची आज्ञा पाळली गेली, कारण ती पाळता येते याचा पुरावा फार्मरच्या रूपाने समोर होता. आज एएफएलचा कोणताही सामना पाहा, हँडबॉलच्या साखळ्यांवरच हल्ले उभे राहताना दिसतील.

खेळाने या ऋणाची नोंद ठेवली. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेम सुरू झाले, तेव्हा ‘लेजंड’ हा सर्वोच्च दर्जा मिळालेल्या पहिल्या मोजक्या खेळाडूंत तो होता. एएफएलच्या शतकातल्या सर्वोत्तम संघात रकमन म्हणून त्याची निवड झाली. २००५ मध्ये शतकातला सर्वोत्तम मूलनिवासी संघ निवडला गेला, तेव्हा कर्णधारपद त्यालाच मिळाले. मूलनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी १९९० च्या दशकात त्याच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झाले. शाळा सुटल्यानंतरच्या अभ्यासवर्गांपासून पुढच्या शिक्षणापर्यंत ते मुलांच्या पाठीशी उभे राहते.

पर्थमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या रोजच्या बोलण्यातही त्याचे नाव आहे. शहराच्या मध्यभागातल्या बोगद्यातून जाणारा आणि स्वान नदी ओलांडणारा मोठा रस्ता २००० मध्ये सुरू झाला, त्याचे नाव ग्रॅहम फार्मर फ्रीवे. या रस्त्याच्या जवळच ऑप्टस स्टेडियम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने १६१ धावा केल्या आणि भारताने ऑस्ट्रेलियाला २९५ धावांनी हरवले, ते हेच मैदान. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल ही परंपरा तिथेही चालू आहे.

मेंदूत उमटलेली कारकीर्द

उतारवयात फार्मरची स्मृती हळूहळू पुसली गेली. त्याला अल्झायमर झाल्याचे कुटुंबाने जाहीर केले होते. १४ ऑगस्ट २०१९ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. कुटुंबाने त्याचा मेंदू संशोधनासाठी सिडनीतल्या ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँकेला दिला. ही संस्था २०१८ मध्ये सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. फार्मरच्या मेंदूत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, हा विकार होता, आणि तोही चारपैकी तिसऱ्या टप्प्याचा. व्हीएफएल-एएफएल खेळलेल्या खेळाडूमध्ये सीटीईचे निदान होण्याची ही पहिलीच वेळ.

सीटीई म्हणजे काय? मेंदूच्या पेशींमध्ये टाऊ नावाचे प्रथिन असते. पेशींच्या आतला सांगाडा धरून ठेवणे हे त्याचे काम. डोक्याला वारंवार हिसके बसले की हे प्रथिन बिघडू शकते आणि त्याचे गुंते साचू लागतात. सुरुवातीला ते मेंदूच्या पृष्ठभागावरच्या खोल घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती दिसतात. नंतर ते पसरत जातात. स्मरणशक्ती, निर्णयशक्ती, मनाचा तोल आणि अखेरीस रोजचे व्यवहार यांवर परिणाम होतो. हे बदल वर्षानुवर्षे, खेळ थांबल्यानंतरही वाढू शकतात. जिवंतपणी या विकाराचे पक्के निदान करण्याची सोय आज तरी नाही. मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करूनच ते होते.

हा विकार नवा नाही. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणाऱ्या अशा लक्षणांचे वर्णन केले होते. पुढे अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूंत तो आढळला. या संशोधनात एक बाब ठळकपणे पुढे आली आहे. शुद्ध हरपण्याइतके मोठे आघातच धोकादायक असतात असे नाही. भोवळही न येणारे छोटे हिसके वर्षानुवर्षे बसत राहिले, तर त्यांचीही बेरीज होते. रकमनची जागा आठवून पाहा. दर सामन्यात अनेकदा धावत येऊन हवेत टक्कर, मग जमिनीवर आदळणे, आणि हे ३५६ सामने, शिवाय सराव आणि राज्याचे सामने वेगळेच. त्या काळी डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला तोंडावर पाणी मारून परत मैदानात पाठवणे हीच रीत होती. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. अज्ञान होते.

फार्मरच्या निदानाने ते अज्ञान संपवले. त्यानंतर डॅनी फ्रॉली आणि शेन टक या खेळाडूंच्या मेंदूंतही सीटीई आढळला. २०२३ मध्ये हेदर अँडरसन या महिला एएफएल खेळाडूच्या मेंदूत तो सापडला. व्यावसायिक महिला खेळाडूमध्ये हा विकार आढळण्याची ती जगातली पहिली नोंद. मृत्यूच्या वेळी तिचे वय अवघे २८ होते. एएफएलने २०२१ पासून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूने किमान १२ दिवस सामना खेळू नये असा नियम केला. माजी खेळाडूंनी न्यायालयात दावे दाखल केले आणि ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने या प्रश्नाची चौकशी केली. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय क्रीडा यंत्रणेने मुलांसाठी अधिक कडक मार्गदर्शन दिले. १९ वर्षांखालील खेळाडूने हादऱ्यानंतर किमान २१ दिवस अंगाला अंग भिडणारा सामना खेळू नये, आणि लक्षणे पूर्ण थांबल्यावर १४ दिवस उलटल्याशिवाय तसा सरावही करू नये.

आपल्या मैदानांसाठी

सीटीईच्या भीतीने मुलांना खेळापासून दूर ठेवावे, असा या कहाणीचा अर्थ मुळीच नाही. सिस्टर केटच्या आश्रमातल्या मुलाला माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती खेळामुळेच. एखाद-दुसऱ्या धक्क्याने हा विकार होतो असेही नाही. पण मार बसल्यावर आपण काय करतो, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

महाराष्ट्रात कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग, फुटबॉल आणि क्रिकेट खेळणारी लाखो मुले आहेत. कबड्डीत पकड करताना गुडघा कपाळावर बसतो, क्रिकेटमध्ये उसळता चेंडू हेल्मेटवर आदळतो, फुटबॉलमध्ये दोन डोकी एकमेकांवर आपटतात. मूल उठून उभे राहते आणि आपण टाळ्या वाजवतो. ‘काही झाले नाही, खेळ’ असे म्हणतो. इथेच थांबायला हवे. डोक्याला मार बसल्यावर चक्कर, मळमळ, अंधारी, डोकेदुखी, गोंधळ, आठवण न राहणे किंवा वागण्यात फरक यांतले काहीही दिसले, तर त्या दिवशी मुलाला परत खेळायला पाठवू नका. शुद्ध हरपली नाही म्हणजे इजा झाली नाही असे समजू नका. उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, मूल पेंगत असेल किंवा झटके येत असतील, तर ताबडतोब रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सराव सुरू करू नका. शाळा, तालमी आणि क्लब यांनी हा नियम लेखी स्वरूपात भिंतीवर लावावा आणि अंतिम सामन्याच्या दिवशीही पाळावा. एका सामन्याची हार भरून काढता येते.

पॉली फार्मरने आयुष्यात आपल्या खेळाला हात कसा वापरायचा ते शिकवले. मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाने घेतलेल्या निर्णयामुळे त्याच खेळाला डोके कसे जपायचे ते शिकावे लागले. पहिला धडा ऑस्ट्रेलियाच्या एका खेळापुरता आहे. दुसरा प्रत्येक देशातल्या, प्रत्येक मैदानावरच्या मुलासाठी आहे, आणि तो पाळण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.